पावसाळ्यात घरातल्या शोभेच्या झाडांची पाने पिवळी पडून गळत असतील, तर काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

लक्षणे

जूनच्या अखेरीस किंवा जुलैत, पाऊस चांगला स्थिरावला की मनी प्लांट, सिंगोनियम, अॅग्लोनिमा, डिफेनबेकिया, पीस लिली या झाडांची खालची पाने एकापाठोपाठ एक पिवळी पडू लागतात. एखादे जुने पान महिन्या-दोन महिन्यांनी पिवळे होऊन गळणे स्वाभाविक आहे. येथे मात्र आठवड्याभरात तीन-चार पाने जातात, आणि गळणारे पान कुरकुरीत नसून मऊ, लिबलिबीत असते. झाड मान टाकते, देठ लोंबतात, पण मातीला हात लावावा तर ती ओली असते. या दुखण्याचे, म्हणजे जास्त पाण्याने मुळे कुजण्याचे, सर्वांत खात्रीचे लक्षण हेच आहे : झाड तहानलेले दिसते आणि माती मात्र भिजलेली असते.

याच्या जोडीने काही खुणा दिसतात. मातीवर हिरवट शेवाळ किंवा पांढुरकी बुरशी धरते, पाणी घालताना बारीक काळी चिलटे उडतात, आणि कुंडी नाकाजवळ नेल्यास कुबट वास येतो. स्नेक प्लांटचे पान बुडाशी तपकिरी आणि मऊ होते व हलके ओढले तरी हातात येते. झेडझेड प्लांटची अख्खी दांडी पिवळी होऊन आडवी पडते.

पिवळेपणाची इतर कारणेही असतात, म्हणून ती आधी वेगळी काढावीत. पानांची फक्त टोके तपकिरी आणि कोरडी होत असतील, कुंडीच्या कडेवर पांढरा थर चढला असेल, तर बहुधा क्षार साचले आहेत. मुंबईला पालिकेचे पाणी तानसा, भातसा, वैतरणा यांसारख्या पावसाच्या पाण्यावर भरणाऱ्या तलावांतून येते आणि ते झाडांना चांगले मानवते. पण ज्या इमारतींत बागेसाठी बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरतात, तेथे कॅलाथिया आणि अरेका पाम यांची टोके हमखास जळतात. देठांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके असतील तर तो पिठ्या ढेकूण. पानाच्या मागे बारीक जाळी आणि पुढे सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके असतील तर लाल कोळी. तो कोरड्या हवेत आणि एसीच्या खोलीत वाढतो, भर पावसाळ्यात कमी दिसतो. क्रोटनने जागा बदलल्यावर पाने टाकली, तर बहुतेक वेळा त्याला ऊन कमी पडते आहे. या चारांपैकी काही नसेल आणि माती ओली असेल, तर पुढे वाचावे.

हे दर वर्षी का घडते

मुलुंडच्या आमच्या इमारतीत आणि नातेवाइकांच्या घरी हे दुखणे मी इतक्यांदा हाताळले आहे, की आषाढात फोन आला की पहिला प्रश्न मी हाच विचारते : शेवटचे पाणी कधी घातले? उत्तर जवळजवळ नेहमी ‘कालच’ असे असते.

मे महिन्यात आपल्याला रोज किंवा दिवसाआड पाणी घालायची सवय लागते, आणि त्या उकाड्यात ती योग्यही असते. जूनमध्ये मात्र दोन गोष्टी एकदम बदलतात. आभाळ भरून आल्याने घरातला प्रकाश निम्म्याहून कमी होतो, आणि हवेतील आर्द्रता जुलै-ऑगस्टात ८० टक्क्यांच्या वर राहते. झाड पाणी ओढते ते पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाच्या जोरावर. प्रकाश कमी आणि हवा दमट असली की ते बाष्पीभवन मंदावते. म्हणजे झाडाची गरज घटते, माती वाळायला दुप्पट-तिप्पट दिवस लागतात, आणि आपला तांब्या मात्र मे महिन्याच्याच वेळापत्रकाने चालू राहतो.

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि त्या हवेतील प्राणवायूवर मुळे जगतात. या पोकळ्या दिवसेंदिवस पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात, मग पिथियम आणि फायटोप्थोरा यांसारखे, पाण्यातून पसरणारे रोगकारक त्या दुबळ्या मुळांवर हल्ला करतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून वर पाने कोमेजतात. ते पाहून घरातले माणूस कळवळ्याने आणखी पाणी घालते, आणि झाड याच मायेने जाते. मी पाहिलेल्या बहुतांश कुंड्यांची हीच कथा आहे.

या झाडांचे मूळ ठिकाण ध्यानात घेतले की सारे स्पष्ट होते. मनी प्लांट हा मूळचा प्रशांत महासागरातील मोरेआ बेटावरचा वेल. तो झाडांच्या खोडांना धरून चढतो आणि त्याची मुळे हवेत, सालीवर वाढतात. डिफेनबेकिया उष्णकटिबंधीय अमेरिकेतील, तर अॅग्लोनिमा आग्नेय आशियातील जंगलांच्या तळाचे. तेथे पाऊस भरपूर पडतो, पण पाणी पालापाचोळ्याच्या भुसभुशीत थरातून झरझर निघून जाते. स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतला आणि झेडझेड पूर्व आफ्रिकेतला. दोघेही जमिनीखालच्या कंदात पाणी साठवून कोरडा काळ काढणारे. यांपैकी एकालाही साचलेल्या पाण्यात उभे राहण्याची सवय नाही.

पहिली तपासणी : कामटी आणि वजन

याला एक पैसाही लागत नाही. दिवाळीच्या आकाशकंदिलातली उरलेली बांबूची कामटी घ्यावी, ती कुंडीच्या कडेजवळून तळापर्यंत हळूच खुपसावी आणि दहा मिनिटांनी काढून पाहावी. कामटी खालच्या अर्ध्या भागात गडद, ओली असेल आणि तिला माती चिकटली असेल, तर पाणी घालू नये. वरची माती बोटाने तपासणे पुरेसे नाही, कारण पंख्याखाली वरचा एक इंच दोन दिवसांत वाळतो आणि खाली चिखल तसाच राहतो. याच फसवणुकीमुळे अनुभवी माणसेही चुकतात.

दुसरी खूण वजनाची. पाणी घातल्यावर कुंडी एकदा उचलून पाहावी आणि चार दिवसांनी पुन्हा उचलावी. दोन-तीन वेळा असे केले की हाताला अंदाज येतो, आणि पुढे कामटीचीही गरज उरत नाही.

कामटी ओली निघाली तर आठ ते दहा दिवस पाणी पूर्ण बंद ठेवावे, पिवळी पाने कात्रीने काढावीत आणि कुंडी खिडकीजवळ, हवा खेळेल अशा जागी ठेवावी. पंखा चालू असलेली खोली उत्तम. केवळ एवढ्याने निम्मी झाडे सावरतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून कुंडी उकरण्याची घाई करू नये. पीस लिलीबाबत एक अपवाद आहे : ती खरोखर तहानली तरी अशीच मान टाकते, पण तेव्हा कुंडी हलकी लागते आणि पाणी मिळाल्यावर ती काही तासांत उभी राहते. कुंडी जड असेल तर तो तहानेचा प्रकार नाही.

दुसरी तपासणी : बशी आणि बाहेरची कुंडी

दिवाणखान्यात ठेवायची म्हणून नर्सरीची काळी प्लास्टिकची कुंडी आपण सुंदर सिरॅमिकच्या कुंडीत बसवतो. त्या बाहेरच्या कुंडीला बहुधा भोक नसते. आतली कुंडी उचलून पाहिली तर तळाशी दोन बोटे पाणी उभे असते आणि मुळे त्यात बुडालेली असतात. माझ्या मावशीच्या दादरच्या घरी तीन अॅग्लोनिमा याच कारणाने गेले. चौथा मात्र आम्ही वाचवला. बाहेरची कुंडी रिकामी करावी, तळाशी विटेचा तुकडा किंवा उलटी वाटी ठेवून आतली कुंडी उंच करावी, आणि पाणी मोरीत नेऊन घालावे, निथळल्यावरच जागेवर आणावे.

बशीतले पाणीही रोज ओतून टाकावे. हे केवळ झाडासाठी नाही. डेंग्यू पसरवणारे एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतात, आणि पालिकेचे कर्मचारी पावसाळ्यात घरी येऊन सर्वांत आधी कुंड्यांखालच्या बश्या तपासतात ते त्याचमुळे. बशी निदान आठवड्यातून एकदा घासून धुवावी, कारण या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही टिकतात.

तिसरी तपासणी : तळाची भोके

कुंडी आडवी करून तळ पाहावा. काही प्लास्टिकच्या कुंड्यांची भोके नुसती आखलेली असतात, पाडलेली नसतात. कित्येकांनी वर्षभर हे पाहिलेलेच नसते. काही ठिकाणी मुळे किंवा चिकट माती भोकात बसून बूच झालेले असते. जाड खिळ्याने भोक मोकळे करावे. प्लास्टिकच्या कुंडीला खिळा तापवून, चिमट्यात धरून आणखी चार भोके पाडता येतात; हे काम खिडकी उघडी ठेवून करावे, कारण धूर त्रासदायक असतो. सिरॅमिकला घरी भोक पाडण्याच्या भरीस पडू नये, कुंडी तडकते.

येथे एका जुन्या समजुतीविषयी सांगणे आवश्यक आहे. तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा जाड थर दिला की पाण्याचा निचरा सुधारतो, असे आपण सगळे ऐकत आलो आहोत. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत ते तेथेच अडून राहते. परिणामी ओला पट्टा तळाऐवजी खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक वक्र खापरी माती वाहू नये म्हणून ठेवावी, तेवढीच पुरे. भरड माल द्यायचा तर तो तळाशी न ओतता पूर्ण मातीत मिसळावा.

चौथी तपासणी : जागा

ग्रिलमधल्या कुंड्यांवर पावसाची झड येते, आणि ‘मी तर पाणी घातलेच नाही’ असे म्हणणाऱ्यांची झाडेही सडतात. सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो. त्यातला थोडा वाटा कुंडीत आला तरी तो स्नेक प्लांटसारख्या झाडाला फार होतो. वरच्या मजल्याच्या एसीचे पाणी थेंबथेंब कुंडीत पडत असेल, तर तेही पाहावे. एका शेजारणीच्या ड्रासेनाचे कारण शोधायला मला दोन भेटी लागल्या, कारण दिवसा एसी बंद असे आणि गळती रात्रभर चाले.

स्नेक प्लांट, झेडझेड आणि कोरफडीच्या वर्गातली झाडे जूनच्या पहिल्या आठवड्यात ग्रिलमधून आत घ्यावीत. आत घेताना अंधाऱ्या कोपऱ्यात न ठेवता खिडकीपासून तीन-चार फुटांच्या आत ठेवावीत. कमी प्रकाश आणि जास्त पाणी ही जोडी घातक असते; प्रकाश चांगला असेल तर पाण्याची थोडी चूक झाड पोटात घालते.

पाचवी तपासणी : मातीत आपण काय काय घातले

चहाचा चोथा, तांदळाचे धुवण, पातळ ताक, भाज्यांच्या साली हे सारे प्रेमाने थेट कुंडीत घातले जाते. उघड्या बागेत, जिथे गांडुळे आणि जीवाणू काम करतात, तिथे ते पचते. आठ इंचांच्या घरातल्या कुंडीत, पावसाळ्यात, ते कुजते, वरचा थर सतत ओला ठेवते आणि काळ्या चिलटांना घर देते. चिलटांच्या अळ्या ओल्या मातीतली बुरशी आणि कोवळी मुळे खातात. वरचा इंचभर थर खुरप्याने काढून टाकावा आणि त्या जागी कोरडी भरड रेती पसरावी. स्वयंपाकघरातला कचरा खतासाठी वेगळ्या डब्यात कुजवावा आणि पूर्ण खत झाल्यावरच द्यावा.

आजारी झाडाला ‘ताकद यावी’ म्हणून खत देणे ही याच जातीची चूक आहे. कुजणाऱ्या मुळांना खताचे क्षार आणखी भाजतात.

सहावी तपासणी : मुळे बाहेर काढून पाहणे

दहा दिवस पाणी बंद ठेवूनही पाने गळत राहिली, किंवा वास येतच राहिला, तरच ही पायरी. डिफेनबेकिया, अॅग्लोनिमा, मनी प्लांट यांच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि त्यांनी हाताला, विशेषतः डोळ्याला व तोंडाला, तीव्र आग होते. म्हणून हातमोजे घालावेत आणि लहान मुलांना व मांजराला त्या खोलीत येऊ देऊ नये.

कुंडी आडवी करून कडेने थापटावी आणि झाड मातीसकट बाहेर घ्यावे. निरोगी मूळ पांढरे किंवा फिकट पिवळसर आणि कडक असते. कुजलेले मूळ तपकिरी-काळे, मऊ असते. चिमटीत धरून ओढले की वरची साल निघून येते आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरतो.

आणि येथेच बहुतेक वेळा खरा गुन्हेगार सापडतो. नर्सरीतून आणलेल्या झाडाच्या मुळांभोवती चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो. दूरवरून ट्रकने झाडे आणताना हा गोळा मुळे धरून ठेवतो आणि वाहतुकीसाठी तो सोयीचाच असतो; पण घरी आणल्यावर आपण त्याभोवती उत्तम भुसभुशीत माती भरतो, बाहेरची माती वाळते आणि आतला गोळा एक तर दगडासारखा कोरडा राहतो किंवा एकदा भिजला की आठवडेच्या आठवडे चिखल होऊन बसतो. कामटी कडेला कोरडी आणि मध्ये ओली निघाली तर हाच प्रकार आहे. असा गोळा बादलीभर पाण्यात तासभर भिजवून बोटांनी हळूहळू सोडवावा. थोडी मुळे तुटतात, त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

कुजलेली सर्व मुळे निरोगी भागापर्यंत कापावीत. कात्री स्पिरिटने पुसून घ्यावी आणि प्रत्येक झाडानंतर पुन्हा पुसावी, कारण एका कुंडीचा रोग कात्रीवरून दुसरीत जातो. जितकी मुळे गेली त्या प्रमाणात वरची पानेही कमी करावीत, म्हणजे उरलेल्या मुळांवर भार पडत नाही. स्नेक प्लांट व झेडझेड यांचे कापलेले कंद सावलीत तीन-चार दिवस उघडे सुकू द्यावेत. जुलैच्या दमट हवेत कधी आठवडाही लागतो.

नव्या मातीसाठी माझे प्रमाण असे आहे : दोन भाग धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग भरड माल म्हणजे पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) किंवा हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे, आणि एक भाग गांडूळखत. स्नेक प्लांट व झेडझेडसाठी भरड माल निम्म्याहून अधिक घ्यावा. नुसते कोकोपीट मुंबईत वापरू नये, ते स्पंजासारखे पाणी धरते. ट्रायकोडर्माची पावडर मिळाली तर पाकिटावरच्या मात्रेने मातीत मिसळावी. ही उपयुक्त बुरशी रोगकारकांना रोखते, पण त्याच वेळी रासायनिक बुरशीनाशक घातल्यास तीही मरते, म्हणून दोन्हींपैकी एकच करावे. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये.

कुंडी मोठी घेण्याचा मोह टाळावा. उरलेल्या मुळांच्या गोळ्यापेक्षा एक-दोन इंच रुंद कुंडी पुरते, कारण जिथे मुळे नाहीत तिथली माती पाणी पिणारे कुणी नसल्यामुळे ओलीच राहते. माती बदलल्यावर एकदा पाणी देऊन पूर्ण निथळू द्यावे. कंदवाल्या झाडांना आठवडाभर तेही देऊ नये. खत निदान दीड महिना नाही.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

खोडाचा बुडखा दाबल्यावर मऊ लागत असेल, किंवा दोन-तृतीयांशाहून अधिक मुळे गेली असतील, तर मूळ झाड वाचवण्याचा आग्रह सोडावा आणि वरचा निरोगी भाग वाचवावा. मनी प्लांट व सिंगोनियमची, निदान एक पेर असलेली फांदी स्वच्छ पाण्यात ठेवली तर साधारण दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात. पाणी दर तीन दिवसांनी बदलावे. अॅग्लोनिमा व डिफेनबेकियाच्या शेंड्याचेही असेच करता येते. पिवळ्या कडेच्या स्नेक प्लांटचे पान लावले तर नवे रोप साधे हिरवे येते. ती कड हवी असेल तर निरोगी कोंब मुळासह वेगळा करूनच लावावा लागतो. अरेका पामच्या दांडीचा मधला कोवळा सुरळीसारखा शेंडा ओढल्यावर सहज निघाला, तर ती दांडी गेली असे समजावे, कारण प्रत्येक दांडीला वाढीचे एकच टोक असते; ती बुडाशी कापून बाकीच्या दांड्या राखाव्यात.

अठरा इंचांहून मोठ्या कुंडीतले रबर प्लांट, फिडल लीफ किंवा पाम घरच्या घरी उलटे करू नयेत. ओली कुंडी माणसाच्या पाठीला आणि लादीला दोन्हींना झेपत नाही. अशा वेळी जाणत्या माळ्याला बोलवावे आणि त्याला ‘माती बदला’ एवढेच न सांगता मुळे दाखवायला सांगावे. ग्रिलच्या बाहेर वाकून कुंडी काढणे तर कोणीच करू नये.

योग्य माती आणि योग्य पाणी असूनही एकापाठोपाठ तीन-चार कुंड्या त्याच प्रकारे गेल्या, तर तो संसर्ग पसरतो आहे असे धरावे. सर्व कुंड्या एकमेकींपासून दूर कराव्यात, दुकानदाराने दिलेली औषधे अंदाजाने फवारणे थांबवावे आणि रोगट मुळांचा ताजा नमुना कृषी विज्ञान केंद्रातल्या किंवा कृषी विद्यापीठातल्या वनस्पती रोगशास्त्राच्या तज्ज्ञांना दाखवावा. कोकणासाठीचे विद्यापीठ दापोलीत आहे, आणि पालघर जिल्ह्यात कोसबाड येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. नेण्याआधी फोन करून नमुना कसा आणायचा ते विचारावे.

कुंड्यांखालची बाल्कनीची लादी सतत ओली राहून खालच्या घरात ओल दिसू लागली असेल, तर प्रश्न झाडाचा राहिलेला नाही. त्याच दिवशी कुंड्या हलवाव्यात, सोसायटीला लेखी कळवावे आणि जलरोधनाचे काम जाणणाऱ्या माणसाकडून स्लॅब तपासून घ्यावा. तो तपासून होईपर्यंत त्या जागी एकही कुंडी परत ठेवू नये.